डेव्हिएशनखाली पास

चिंचवडमध्ये एखादी वस्तू खासगीत मोडायची सोय नाही. पुण्यात मोडकी वस्तू माळ्यावर जाते आणि तिथून थेट वारसाहक्कात निघते. मुंबईत माळाच नसतो, त्यामुळे प्रश्न मिटतो. आमच्याकडे मात्र काखेत काहीतरी मोडकं घेऊन सोसायटीच्या गेटातून आत शिरलं की पार्किंगमध्ये बसलेले तीन निवृत्त गृहस्थ पेपरची घडी घालतात, चष्मा कपाळावरून नाकावर आणतात आणि विचारतात, "काय झालंय त्याला?" हा प्रश्न सहानुभूतीचा नसतो. इन्स्पेक्शनचा असतो.

त्याला कारण आहे. आमच्या भागात साठीपुढचा बहुतेक प्रत्येक पुरुष आयुष्यभर कुठल्या तरी कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला आहे. कोणी टेल्कोत, कोणी बजाजमध्ये, कोणी एचएत. टेल्कोचं नाव २००३ साली टाटा मोटर्स झालं, पण ते कागदोपत्री. आमच्या जिन्यात अजून टेल्कोच आहे. ही मंडळी रिटायर झाली, ग्रॅच्युइटी घेतली, नातवंडांना शाळेत सोडू लागली, पण हातातला व्हर्नियर काही खाली ठेवला नाही. आमच्या पार्किंगमधल्या तिघांपैकी एक टूलरूमवाले काका. मायक्रॉनच्या खाली बोलत नाहीत. दुसरे क्वालिटीवाले काका, ज्यांनी आयुष्यात एकही वस्तू बनवली नाही पण लाखो परत पाठवल्या. तिसरे मेंटेनन्सवाले. त्यांचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं: "चालतंय ना? मग हात लावू नका."

मी चाकणच्या एका कंपनीत परचेसला आहे. म्हणजे तिघांच्याही मते मी कारखान्यात असतो, पण कामाला नसतो.

गिटार मी आणली पुण्याच्या जुन्या बाजारातून. बुधवारी आणि रविवारी भरतो तो. गंजक्या पान्यांच्या ढिगामागे ती उभी होती. छोटीशी, थ्री-क्वार्टर म्हणतात त्या मापाची, कमरेत बारीक, रंग पिवळट तपकिरी, माथ्यावर कोणीतरी चिकटवलेली टिकली. आमच्या पिढीतल्या मुलांना गिटारचा जो रोग जडला तो 'यादों की बारात'पासून. १९७३ सालचा सिनेमा. त्यातल्या एका गाण्याच्या सुरुवातीचा गिटारचा तुकडा यायलाच हवा, असं महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉलेजच्या कट्ट्यावर ठरलेलं होतं. मला तो त्याही वेळी येत नव्हता. पण गिटार नाही म्हणून येत नाही, हे सांगता यायचं, आणि त्यावर माझी अनेक वर्षं चांगली गेली.

"इंग्रजांच्या काळातली आहे साहेब," विक्रेता म्हणाला. "गोरा साहेब जाताना ठेवून गेला."

"किती?"

"तुम्हाला म्हणून साडेतीन हजार."

व्हेंडरकडून दोन टक्क्यांसाठी तीन-तीन मीटिंगा घेणारा मी. मी पाचशे म्हणालो. तो हसला. मी निघून जायचं नाटक केलं. त्याने ते जुन्या बाजारात नेहमी चालणारं नाटक असल्यामुळे पाहिलंच नाही. शेवटी चौदाशेला सौदा झाला, आणि मी चार पावलं गेल्यावर तो शेजारच्याला म्हणाला, "गेली एकदाची."

घरी येऊन टॉर्चने आत डोकावलो. गिटारच्या पोटात एक चिठ्ठी होती. अर्धी कसरीने खाल्लेली. कंपनीचं नाव कसरीच्या पोटात गेलं होतं, पण खालची ओळ शिल्लक होती : कलकत्ता, आणि पुढे ७०० ०. आपल्याकडे पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ला. म्हणजे गोरा साहेब ही गिटार ठेवून गेला असेल, तर तो जरा उशिराच गेला. आणि कलकत्त्याचं कोलकाता झालं २००१मध्ये. तेव्हा माझी ऐतिहासिक गिटार बहात्तर ते दोन हजार एक या काळात कधीतरी जन्मली होती. तेवढ्याच खात्रीने माझ्या स्कूटरबद्दलही सांगता येईल. पण मी बायकोला "विंटेज" एवढंच म्हणालो.

"विंटेज म्हणजे पुसायची का नाही पुसायची?" तिने विचारलं. तिच्या हातात ओलं फडकं तयार होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवार म्हणजे आमच्याकडचा रविवार. एमआयडीसीला सुट्टी, आणि देखभालीच्या नावाखाली लाईट जायची. घरात पंखा नाही म्हणून गिटार घेऊन खाली पार्किंगमध्ये आलो. तिथे काय होणार होतं हे एखाद्या शहाण्या माणसाला कळलं असतं.

"काय झालंय त्याला?"

क्वालिटीवाल्या काकांनी गिटार उलटी धरली, सुलटी धरली, डोळ्यासमोर बंदुकीगत धरून मानेवरून नजर टाकली आणि दोष सांगायला घेतले. ब्रिज मागून उचललाय. त्याच्या खालचं लाकूड फुगलंय ("पोट सुटलंय," असं म्हणून त्यांनी गिटारकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं). ब्रिजला कोणीतरी दोन स्क्रू मारलेत, वर एम-सील थापलंय. खुंट्या सहा, त्यातल्या पाच एका घराण्याच्या आणि एक सावत्र. माथ्याजवळच्या खाचेच्या पट्टीखाली आगकाडी. तारा पाच, त्यातलीही एक...

"ही गिटारची नाही," टूलरूमवाले काका म्हणाले. त्यांनी ती दोन बोटांत चोळली. "एम-एटीच्या क्लच केबलची सुटी केलेली तार आहे. बजाजचा माल."

मग 'फाइव्ह व्हाय' झालं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : जपानी लोकांनी शोधलेली ही पद्धत आहे. पाच वेळा "का?" विचारायचं, म्हणजे बिघाडाचं मूळ सापडतं. चार वर्षांची मुलं हे जपानशिवायही करतात.

"ब्रिज का उचलला?"

"तारांनी ओढला."

"तारांनी का ओढला?"

"ओढणं हेच त्यांचं काम आहे."

"मग ब्रिजनं का सोडलं?"

"गोंद सुटला."

"गोंद का सुटला?"

"दमट हवा."

"हवा दमट का?"

"मान्सून," मेंटेनन्सवाले काका म्हणाले. मूळ कारण सापडलं. उपाययोजनेच्या रकान्यात काय लिहायचं यावर मात्र एकमत होईना.

टूलरूमवाले काका तोवर पट्टी घेऊन बसले होते. तारेची मोकळी लांबी त्यांनी ५८४ मिलिमीटर मोजली. मोठ्या गिटारची साधारण ६५०च्या आसपास असते. "आता या पट्ट्या कुठे बसवायच्या त्याचं सूत्र काय?" त्यांनी विचारलं. मी मोबाइलवरून वाचून दाखवलं : लांबीला १७.८१७ने भागायचं, येईल तिथे पहिली फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ने भागायचं, तिथे दुसरी. असं करत गेलं की बारावी फ्रेट बरोबर मध्यावर येते आणि सप्तक पुरं होतं. काकांचा चेहरा उजळला. आयुष्यभर संगीत हे ज्यांना टाळ्या वाजवून सोसावं लागलं, त्या माणसाला एकदम कळलं होतं की त्याच्या मुळाशी तीन दशांश स्थळं आहेत.

पहिली फ्रेट ३२.७८ला हवी. होती. दुसरी होती. पाचवीपाशी काका थबकले. व्हर्नियर पुसला, पुन्हा लावला.

"चार दशांश मिलिमीटर पुढे आहे." त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "इथे कलकत्त्याच्या माणसाला चहा आला असणार."

ब्रिज काढायचं काम मी घरातच करायचं ठरवलं. पद्धत अशी की पातळ पातं गरम करायचं, ब्रिजच्या कडेखाली सरकवायचं आणि गोंद मऊ होईल तसतसं पुढे ढकलत राहायचं. परदेशी लोकांकडे त्यासाठी खास हत्यार असतं. आमच्याकडे उलथणं होतं. गॅसवर धरायचं, पळत हॉलमध्ये यायचं, सरकवायचं, थंड झालं की पळत परत. गोंद आधी चिकट होतो, मग त्याला आंबूस वास सुटतो, आणि मग एकदम 'टक्' असा आवाज येतो. तो गोंदाचा की लाकडाचा हे कळायला पुढचा 'टक्' यावा लागतो. त्या दिवशी सकाळी घरी धिरडी होती. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, उलथणं कुठाय?" मी गप्प राहिलो. धिरडं करपल्याचा वास आणि एम-सील जळल्याचा वास एकमेकांत मिसळले आणि पुढचा संवाद येथे देत नाही.

ब्रिज मात्र निघाला. त्याच्या खाचेत, तारा उंच करण्यासाठी म्हणून घातलेली, एक कागदाची घडी सापडली. उलगडली तर पीसीएमटीचं तिकीट! पीसीएमटी २००७मध्ये पीएमटीत विलीन होऊन पीएमपीएमएल झाली. म्हणजे ही गिटार पूर्वीही आमच्याच हद्दीत होती, कोणीतरी ती पिंपरी-चिंचवडच्या बसने मिरवली होती आणि कंडक्टरकडून मिळालेलं तिकीट वाद्याच्या सेवेला लावलं होतं. मला जरा गहिवरून आलं. मी ते तिकीट क्वालिटीवाल्या काकांना दाखवलं. त्यांनी त्याची जाडी मोजली.

आता नवी पट्टी हवी. ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी उत्तम हाडाची असते, असं सगळे जाणकार सांगतात. प्लास्टिकची नको, हाडाचीच. मी मटणाच्या दुकानात गेलो. दुकान रिकामं का आहे, याचा विचार मी आधी करायला हवा होता, पण तिथी माझ्या लक्षात नसते.

"एक नळी द्या. सरळ बघून."

"सूपला?"

"नाही."

"रश्शाला टाकायची तर दोन घ्या. चव उतरते."

"गिटारला लावायचीय."

त्याने सुरा खाली ठेवला. इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्याकडे वाकून म्हणाला, "साहेब, श्रावणात लाजणारी लई गिऱ्हाईकं येतात आमच्याकडं. कारण सांगायची गरज नाही. काळ्या पिशवीत देतो."

संध्याकाळपर्यंत बातमी चौथ्या मजल्यापर्यंत पोचली होती. श्रावणी सोमवारी, मोरया गोसावींच्या गावात, मी मटणाच्या दुकानातून काळी पिशवी घेऊन बाहेर पडताना दिसलो होतो.

"वरच्या काकू विचारत होत्या," बायको म्हणाली. "म्हणाल्या, तब्येतीसाठी डॉक्टरांनी वगैरे सांगितलंय का?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, गिटारला लागते."

"त्या काय म्हणाल्या?"

"'बरं' म्हणाल्या. फक्त 'बरं.'"

नळी आमच्या कुकरला लावायला अर्थातच परवानगी नव्हती. मेंटेनन्सवाल्या काकांनी रंगाचा जुना डबा दिला, गच्चीत शेगडी लावली, आणि दिवसभर सोसायटीतली झाडून सगळी कुत्री आमच्या जिन्यात भजनाला बसावीत तशी बसून राहिली. वाळलेल्या हाडातून टूलरूमवाल्या काकांनी जी पट्टी घासून काढली ती मात्र बघण्यासारखी होती. तीन मिलिमीटर जाड, वरून गोल, शून्य-शून्य. त्यांनी ती माझ्या हातात दिली नाही. वेलवेटच्या डबीत घालून दिली.

दरम्यान मी बोटांखालची काळी पट्टी खोबरेल तेलाने पुसायला घेतली. रोझवूडला तेल लावतात असं वाचलं होतं. ते रोझवूड माझ्या फडक्यावर उतरलं, मग बोटांवर, मग सोफ्याच्या कव्हरवर. खाली गोरंपान साधं लाकूड निघालं.

आता खरा प्रश्न उरला : तारा कुठल्या लावायच्या? माझा समज होता की गिटारला गिटारच्या तारा लावतात. हा समज माझ्यापुरताच होता.

मोठ्या गिटारला नेहमीचा लाइट स्टीलचा सेट लावून सुरात आणला की सहा तारा मिळून सत्तर किलोच्या वर ओढतात. म्हणजे एक बरा खातापिता माणूस चोवीस तास त्या ब्रिजला लोंबकळत असतो. छोट्या गिटारवर लांबी कमी, त्यामुळे त्याच सुराला ओढ कमी. पण आमच्या गिटारच्या पोटाखालच्या पट्ट्या आडव्या शिडीसारख्या होत्या, जुन्या स्वस्त गिटारांत असतात तशा. चांगल्या स्टीलच्या गिटारींत त्या फुलीच्या आकारात असतात, म्हणून त्या ओढ सोसतात. अमेरिकेत मार्टिन कंपनीने एकोणिसाव्या शतकात ती रीत रुळवली. आमच्या गिटारला सत्तर किलोचा पाहुणा झेपणार नव्हता.

"नायलॉन लावा," क्वालिटीवाले काका म्हणाले. "ओढ निम्मी." खरं होतं. लावून पाहिल्या. वरचं लाकूड प्लायवूड, तेही जाड. नायलॉनच्या तारेने ते हलायलाच तयार नव्हतं. आवाज यायचा, पण तो मागायला गेल्यावर.

तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा बँडमध्ये वाजवतो. त्याने एक नजर टाकली. "काका, डॅडगॅड लावा. फुल फोक फील." डॅडगॅड म्हणजे डी-ए-डी-जी-ए-डी अशा सुरात तारा लावणं. गाणं शिकवणाऱ्या वरच्या काकू (होय, त्याच, 'बरं' म्हणणाऱ्या) जिन्यातून उतरत होत्या. त्यांनी कान दिला. "सा प सा म प सा. तंबोऱ्यात मध्यम घालून ठेवलाय नुसता," म्हणाल्या आणि दूध आणायला गेल्या.

मग मला टर्झ गिटार सापडली. एकोणिसाव्या शतकात युरोपात अशाच छोट्या गिटारी तिसऱ्या कोमल स्वराइतक्या वर लावत. जुलियानीने तर तसल्या गिटारसाठी कॉन्चेर्टो लिहिला आहे. मी हे बायकोला रंगवून सांगितलं. नेहमीच्याच बोटांनी वाजवायचं, पण सगळं तीन अर्ध्या सुरांनी वर. गाणाऱ्यालाही तेवढंच वर गावं लागणार.

"गाणार कोण आहे?" तिने विचारलं. त्या एका प्रश्नात टर्झ गिटारचा इतिहास संपला.

टूलरूमवाल्या काकांनी तोवर स्वतंत्र अभ्यास केला होता. "तारा उंच आहेत ना? मग त्या खाली आणायच्या भानगडीत पडूच नका. वरून सळई फिरवा." कल्पना वेडी नव्हती. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर घेऊन तारांवरून सळई फिरवत राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरचा त्यांचा 'कॉल ऑफ द व्हॅली' १९६७चा. विश्वमोहन भट्टांनी त्याच गिटारला आणखी तारा चढवून मोहनवीणा केली आणि १९९४मध्ये राय कूडरबरोबर ग्रॅमी आणलं. काकांनी मला सळई आणून दिली. एन-एकतीस पोलादाची, हार्डन करून ग्राइंड केलेली, आरशासारखी. वजन विचारू नका. ती मी गिटारवर टेकवली, मधल्या दोन तारांवरून फिरवली, एक अत्यंत करुण आवाज आला, मी दचकलो आणि सळई माझ्या हातून सुटून गिटारच्या छातीवर पडली.

काकांनी धावत येऊन सळई उचलली. प्रकाशात फिरवून पाहिली. "ओरखडासुद्धा नाही," ते समाधानाने म्हणाले. गिटारला लिंबाएवढा पोचा आला होता.

त्या सुमारास सांगलीला एक लग्न निघालं, तेव्हा गिटार बरोबर घेऊन मी मिरजेला गेलो. मिरजेत तंतुवाद्यं बनवण्याचं काम एकोणिसाव्या शतकापासून चालत आलंय. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी ते सुरू केलं. अब्दुल करीम खाँसाहेबांचं हे गाव. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या एका गल्लीत एक कारागीर भोपळ्याला तासणी लावत बसला होता. मंगळवेढ्याकडचा भोपळा. मी गिटार पुढे केली. त्याने नखाने टिचकी मारली.

"प्लायवूड."

"हो."

"आमचा भोपळासुद्धा याच्यापेक्षा अस्सल असतो हो." पण हाकलून दिलं नाही. तारांवर बोट फिरवलं. तिसरी तार खालच्या पट्ट्यांना घासून झणझणत होती. गिटारवाले याला दोष म्हणतात, आणि मी तो घालवण्यासाठी आलो होतो. त्याने पुन्हा छेडली. पुन्हा. मान तिरकी करून ऐकलं.

"जवारी छान आहे," तो म्हणाला. "लोक आमच्याकडे पैसे देऊन काढून घेतात. तुम्हाला फुकट लागलीय, तर घालवता कशाला?"

मग म्हणाला, याच्या अंगाला आता जाड तार झेपायची नाही. बारीक लावा आणि उंच सुरात लावा, थोड्या ओढीत बोलेल. पैसे विचारले तर म्हणाला, "याचे काय घ्यायचे?" त्यात औदार्य किती आणि गिटारवरचा शेरा किती, हे मला लग्नाच्या पंगतीत बसेपर्यंत ठरवता आलं नाही.

बारीक आणि उंच. चिंचवडला परतल्यावर बँडवाल्या मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, "नॅशव्हिल!" स्टुडिओत वाजवणारे लोक ही युक्ती करतात. गिटारच्या खालच्या चार जाड तारा काढायच्या आणि त्यांच्या जागी त्याच सुरांच्या, पण एक सप्तक वरच्या बारीक तारा लावायच्या. वरच्या दोन नेहमीच्याच. ढोलासारखा खर्ज जातो आणि सगळ्या गिटारमधून चांदीची घुंगरं वाजतात. ओढही कमी. अशा तारा मिळतात बारा तारांच्या गिटारच्या सेटमध्ये, कारण तिथे प्रत्येक जाड तारेशेजारी तिची बारीक बहीण असते.

दुकानदाराला मी म्हणालो, "बारा तारांचा सेट द्या. पण मला सहाच हव्यात."

"मग सहा तारांचा घ्या."

"त्या सहा नकोत. बारामधल्या सहा."

"उरलेल्या सहा कोण घेणार?"

उरलेल्या सहा म्हणजे नेहमीच्या गिटारचा अख्खा उत्तम सेट असतो, हे मला घरी आल्यावर कळलं. बँडवाल्या मुलाला दुकानात असतानाच कळलं होतं. तो मुलगा पुढे परचेसमध्ये चांगला निघेल.

तारा चढवल्या तेव्हा गणपती जवळ आले होते. नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालू. मोबाइलवरचा ट्यूनर एका बाजूने ढोल ऐकायचा, दुसऱ्या बाजूने आमचा मिक्सर. एकदा त्याने सूर अचूक लागल्याचं हिरवा दिवा लावून जाहीर केलं आणि त्याच क्षणी बायकोने मिक्सर बंद केला. चटणी लागली होती, तार नव्हती. तिसरी तार, जी सगळ्यांत पातळ, ती चढवताना तुटून खिडकीच्या पडद्यात घुसली. सुदैवाने दुकानदाराने सुटी एक जास्तीची घ्यायला लावली होती. त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं होतं आणि ठरवलं होतं.

शेवटी लागली. खरंच लागली. छेडली की घर झणझणायचं. फायनल इन्स्पेक्शनसाठी गिटार पार्किंगमध्ये गेली. क्वालिटीवाल्या काकांनी रीतसर कागद आणला होता. पाचवी फ्रेट : नापास. सावत्र खुंटी : नापास. छातीवरचा पोचा : नापास (इथे टूलरूमवाले काका दुसरीकडे बघत होते). हाडाची पट्टी : उत्तम. मग त्यांनी बराच वेळ पेन हवेत धरला. रिजेक्ट करायचा त्यांना मोह होत होता, पण त्यांच्या नातीने तारा छेडल्या आणि ती खुदकन हसली. त्यांनी खाली लिहिलं : "डेव्हिएशनखाली पास." ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : माल मापात नाही, पण गाडी थांबलीय, म्हणून जाऊ द्या. आपल्या देशातलं बरंच काही या शेऱ्यावर रस्त्यावर आलेलं आहे.

मी मग माझा १९७३ सालचा तुकडा वाजवून दाखवला. कोणी ओळखला नाही.

वरच्या काकू मात्र जिन्यात थांबल्या होत्या. "जरा बघू," म्हणाल्या. मांडीवर आडवी घेतली, सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला. "हे स्वरमंडळ झालंय की हो." त्यांची पट्टी पांढरी सहा. त्यांनी खालून पहिली तार ऐकली, दुसरी ऐकली, आणि बाकीच्याही एकेक करत. मग फक्त दोन खुंट्या पिळल्या : डीची तार आणि जीची तार, दोन्ही अर्ध्या सुराने खाली. बाकी चार जिथल्या तिथे. अंगठा फिरवला. प, सा, ग, ध, रे, प.

भूप! चक्क भूप. नॅशव्हिलहून भूपापर्यंत दोन अर्धे सूर अंतर निघालं. काकूंनी त्यावर आलाप धरला, आणि क्लच केबलपासून सुरू झालेली ती गिटार प्लायवूडची आहे हे पाच मिनिटं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

तेव्हापासून ती गिटार सकाळी वर असते. त्यांच्या शिकवण्या संपल्या की खाली येते. खाली आल्यावर मी माझा तुकडा वाजवतो, तो भूपात वाजतो. बँडवाला मुलगा येऊन म्हणतो, "काका, जी मेजर लागत नाहीये." लागणार कसा? म्हणून रोज दोन तारा वर, दोन तारा खाली. हे टूलरूमवाल्या काकांच्या कानावर गेलं आणि त्यांना तरुणपण आठवलं. प्रेसमधला डाय बदलायला पूर्वी तास तास जायचे, ते काम दहा मिनिटांच्या आत आणायची एक जपानी पद्धत आहे. शिंगो नावाच्या गृहस्थांची. काकांनी ती त्यांच्या शॉपवर लावली होती. आता ते स्टॉपवॉच घेऊन वर जातात. भूप ते वेस्टर्न, चेंजओव्हर टाइम. खुंट्यांवर त्यांनी लाल-हिरव्या खुणा केल्या आहेत, भिंतीवर तक्ता लावलाय.

परवा मी वर गेलो तेव्हा काकू तार पिळत होत्या आणि काका घड्याळ धरून उभे होते.

"चाळीस सेकंद," काका म्हणाले. "दोन्ही खुंट्या एकदम पिळा, आणखी आठ वाचतील."

"आणि सूर लागला की नाही, ते कोण ऐकणार?"

"ते माझं नाही," काका म्हणाले. "ते क्वालिटीचं."